टॉप स्पीड रोलरमध्ये नसतो: विटाव्याच्या एका स्कूटरचं प्रकरण

गाडी ११० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, बीएस-४ च्या काळातली. मीटरवर ३१ हजार किलोमीटर. मालक विटाव्यात राहणारा, महाप्याच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा तरुण. रोजचा रस्ता ठाणे-बेलापूर रोड: दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे. अधूनमधून आईला मागे बसवून पारसिकचा चढ ओलांडून शिळफाट्याकडे नातेवाइकांकडे जाणं. गाडी आमच्या कोपरखैरण्याच्या गॅरेजात आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, हिला शंभरला न्यायचीय. किट टाकलं, पैसे गेले, आणि आधीपेक्षा हळू पळतेय."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण ही तक्रार घेऊन येणारी मुलं पुष्कळ आहेत आणि बहुतेकांची एकच समजूत पक्की असते: रोलर, म्हणजे स्कूटरच्या पुढच्या पुलीत फिरणारी छोटी गोल वजनं, बदलले की टॉप वाढतो. रोलर बदलल्याने पिकअप बदलतो, इंजिनचा आवाज बदलतो, ॲव्हरेज बदलतं. टॉप मात्र वाढत नाही आणि चुकीची जोडी बसली तर उलट घटतो. असं का होतं ते या एका गाडीवर पायरीपायरीने दाखवता येतं, कारण या मुलाने मोबाइलमधल्या जुन्या नोंदी पुसल्या नव्हत्या.

नोंदी अशा होत्या. गाडी नवी होती तेव्हा सायन-पनवेल हायवेवर जीपीएसने ८१ दाखवले होते. स्पीडोमीटरचा काटा तेव्हा नव्वदला होता, पण स्कूटरचे काटे थोडं चढवूनच सांगतात, त्यामुळे आकडा घ्यायचा तर जीपीएसचाच. नंतर हळूहळू तोच टॉप ७५ वर आला. इंजिनचा आवाज तसाच, स्टार्टिंग झकास, धूर नाही, पण ७५ च्या पुढे गाडी जाईना. त्याला वाटलं, गाडी कमजोर झाली. म्हणून ऑनलाइन किट मागवलं: नवा व्हेरिएटर (पुढच्या पुलीची सरकती तबकडी), मूळपेक्षा हलके रोलर आणि मागच्या पुलीची कडक स्प्रिंग. साडेचार हजार गेले. एका ठिकाणी बसवून घेतलं. सिग्नल सुटला की गाडी उसळून निघायला लागली आणि स्वारी खूश. मग लांब रस्त्यावर कळलं की इंजिन नुसतं ओरडतंय, ॲव्हरेज ४५ वरून ३८ च्या आसपास उतरलंय आणि जीपीएसवर ७२ च्या वर काही येत नाही.

८१, ७५, ७२. पहिल्या दोन आकड्यांमधला फरक एका कारणाने पडला आणि पुढच्या दोनांमधला दुसऱ्याच. ही दोन कारणं वेगळी करणं हेच खरं काम होतं.

बेल्टच्या गाडीत आत काय चालतं

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली आणि 'बिनगिअरची गाडी' घराघरांत पोचली. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरचं तत्त्व तेच आहे. बिनगिअरची म्हणतो खरं, पण गिअर त्यात असतात. फक्त ते पायऱ्यांनी न पडता सलग बदलत जातात.

क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, डाव्या टोकावर पुढची पुली असते. तिच्या दोन तबकड्या. बाहेरची जागेवर पक्की, तिला थंडाव्यासाठी पंख्याची पाती. आतली मात्र बुशवर, म्हणजे क्रँकवर बसवलेल्या नळीवर, पुढेमागे सरकते. या सरकत्या तबकडीच्या पाठीत सहा खाचा, प्रत्येक खाचेत एक रोलर, आणि त्यांच्या मागे रॅम्प प्लेटचं झाकण. इंजिनचे फेरे वाढले की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात. खाच उतरती असल्यामुळे त्यांना बाहेर जायला जागा हवी तर तबकडीला पुढे ढकलावं लागतं. दोन तबकड्या जवळ आल्या की मधला व्ही आकाराचा बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी ठरलेली, त्यामुळे तो पुढे जितका वर येतो तितका मागच्या पुलीत आत रुततो आणि तिथली जाड स्प्रिंग दाबून तिच्या तबकड्या उघडतो. ज्याने गिअरची सायकल चालवली आहे त्याला हे लगेच कळेल: पुढचं चक्र मोठं, मागचं लहान, म्हणजे टॉप गिअर.

मागच्या पुलीत आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. तिच्या नळीला तिरप्या खाचा असतात आणि त्यांत पिना. चढावर मागच्या चाकाला जोर लागला की त्या पिना तिरप्या खाचांतून सरकून पुली मिटवतात, बेल्ट मागे वर येतो, आणि गाडी आपोआप खालच्या गिअरला जाते. पारसिकच्या चढावर हाताने काहीही न करता इंजिनचा सूर बदलतो तो यामुळे.

म्हणजे पुढून रोलरचा जोर आणि मागून स्प्रिंग व पिनांचा जोर, यांची सतत रस्सीखेच चाललेली असते. रोलरचा जोर त्यांच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. रोलर पंधरा टक्के हलके केले तर तोच जोर यायला इंजिनला साधारण आठ-नऊ टक्के जास्त फेरे लागतात. इंजिन वरच्या फेऱ्यांत राहून गाडी ओढतं, तिथे ताकद जास्त मिळते, म्हणून सिग्नलवरून उसळी येते. किटमधून मिळालेला पिकअप खरा होता, भास नव्हता.

पण हा सगळा खेळ गिअर कधी बदलायचा याचा आहे. शेवटचा गिअर कोणता, हे रोलर ठरवत नाहीत. ते पुलीचा व्यास, तबकड्या किती जवळ येऊ शकतात, बेल्टची रुंदी आणि लांबी, आणि मागच्या हबमधले तेलात बुडालेल्या दातेरी चक्रांच्या दोन जोड्यांचे दाते ठरवतात. रोलर शेवटपर्यंत पोचले की त्यांचं काम संपलं. त्यानंतर त्यांचं वजन काहीही असो, गाडीला फरक पडत नाही. प्रश्न एवढाच उरतो, ते शेवटपर्यंत पोचतात का.

कव्हर खोललं तेव्हा

आधी साध्या गोष्टी पाहून घेतल्या: चाक मोकळं फिरतं का, ब्रेक घासतो का, हवा, प्लग, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन. मागच्या टायरमध्ये हवा कमी होती, ती भरली. इंजिन निरोगी होतं. मग डावं कव्हर.

कव्हर निघताच जळक्या रबराचा वास आला आणि तळाशी काळी भुकटी दिसली. बेल्टच्या दोन्ही कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या, आणि उलटा वाकवल्यावर दातांच्या बुडाशी बारीक चिरा दिसल्या. व्हर्नियर लावला तर बेल्ट नव्यापेक्षा १.१ मिलीमीटर अरुंद. ३१ हजार किलोमीटर पहिल्याच बेल्टवर! पुष्कळ ११० सीसी स्कूटरना तो २४ हजारांच्या आसपास बदलायला सांगितलेला असतो. किट बसवणाऱ्याने साडेचार हजारांचं सामान घातलं आणि बेल्ट मात्र तोच ठेवला.

ही एक मिलीमीटरची गोष्ट क्षुल्लक वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. पुलीच्या तबकड्यांचा उतार असा असतो की बेल्ट १ मिलीमीटर अरुंद झाला की तो पुढच्या पुलीत जवळजवळ २ मिलीमीटर खाली बसतो. तबकड्या पूर्ण मिटल्या तरी झिजलेला बेल्ट वरच्या कडेपर्यंत येऊच शकत नाही, आणि मागे तितकाच वर राहतो. दोन्हीकडून मिळून शेवटचा गिअर सात-आठ टक्क्यांनी आखूड होतो. ८१ चे सात-आठ टक्के कमी केले की ७५ उरतात. इंजिन दमलं नव्हतं. बेल्ट झिजला होता आणि त्याच्याबरोबर वरचा गिअर हळूहळू गळून गेला होता.

मुलाने जुने रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते, ते बरं झालं. हातावर घेतले तर सहापैकी चारांना एका बाजूला सपाट पाट पडले होते, नखाने धार लागत होती. असा रोलर गडगडत नाही, घासटत सरकतो, मध्येच अडतो, आणि गाडी चाळीस-पंचेचाळीसच्या दरम्यान गचके देते. विचारलं तर म्हणाला, हो, किट टाकण्याआधी देत होती.

बाकी पाहणीत तीन गोष्टी सापडल्या आणि तिन्ही चिंतेच्या होत्या. पहिली, बाहेरच्या तबकडीच्या पंख्याची दोन पाती तुटलेली. नट सोडवताना पुली फिरू नये म्हणून पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवला की हेच होतं. पुली धरायला वेगळा पाना मिळतो, तो वापरावा. पातं तुटलं की हवा कमी होते आणि पुलीचा तोलही बिघडतो. दुसरी, त्याच तबकडीच्या मधल्या भोकातले, क्रँकवर बसणारे दाते थोडे चावले गेले होते. नट आवळताना मागची पुली उघडून बेल्ट तिच्यात खोल दाबायचा असतो, म्हणजे पुढे बेल्ट सैल पडतो आणि तबकडी बुशला नीट टेकते. हे न करता इम्पॅक्ट गन मारली तर बेल्ट मध्ये चिमटला जातो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि दोन-चार किलोमीटरांनी बेल्ट बसला की ढिला होतो. चालत्या गाडीत हा नट सुटणं म्हणजे क्रँकचं टोक गेलं असं समजा. ही गाडी त्याच्या फार जवळ आली होती. तिसरी, मागच्या पुलीच्या पिनांना इतकं ग्रीस भरलं होतं की ते बाहेर येऊन बेल्टच्या वाटेवर पसरलं होतं. तिथे थोडंसंच, उष्णता सोसणारं ग्रीस लागतं. पुढच्या रोलरना तर या गाडीत ग्रीस लावायचंच नाही, ते कोरडे फिरतात.

आणि विटाव्याची खास गोष्ट. कव्हरला हवा आत घेण्याचा मार्ग असतो, त्यात स्पंजाचा छोटा फिल्टर. तो स्पंज गायब होता आणि कव्हरची गास्केट एका कोपऱ्यात फाटलेली. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी तुंबतं हे ठाण्यात कोणाला सांगायला नको. ते पाणी आणि चिखल थेट आत. बुशवर गंजाचा तांबूस पट्टा होता आणि सरकती तबकडी हाताने ढकलली तरी अर्ध्यावर अडत होती. म्हणजे हलके रोलर, कडक स्प्रिंग, झिजका बेल्ट आणि वर गंजलेला बुश. तबकडी पूर्ण मिटणार कशी?

टॉपला न जाता टॉप मोजणं

अशा वेळी बरेच जण गाडी घेऊन पाम बीच रोडवर जातात आणि पिळतात. मला ते मान्य नाही आणि त्याची गरजही नाही. शेवटचा गिअर शेडमध्ये, सेंटर स्टँडवर मोजता येतो.

पद्धत साधी आहे. मागच्या टायरवर खडूची खूण केली, मुलाला गाडीवर बसवलं, एक पूर्ण फेरा ढकलली आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजलं: १.३५ मीटर. मग गाडी स्टँडवर घेतली, स्टँड पुढेमागे हलू नये म्हणून पुढच्या चाकाला आडोसा दिला, मागे कोणी उभं राहणार नाही याची खात्री केली. मागच्या रिमवर चमकत्या टेपचा तुकडा लावून त्यावर चाकाचे मिनिटाला किती फेरे होतात ते सांगणारा फोटो-टॅकोमीटर धरला, प्लगच्या वायरला इंजिनचे फेरे मोजणारं मीटर. इंजिन काही क्षण ७,५०० फेऱ्यांवर नेलं आणि चाकाचे फेरे वाचले. ७,५०० च का, तर या इंजिनची सर्वाधिक ताकद त्याच्याच आसपास आहे, साधारण आठ अश्वशक्ती.

गाडी आली तशी, म्हणजे किट आणि जुना बेल्ट: चाकाचे ९०५ फेरे. हिशेबाने ७३ किमी. रस्त्यावर बेल्ट थोडा घसरतो, म्हणून ७२.

बुश साफ करून, किट काढून, मूळ वजनाचे नवे रोलर आणि मूळ स्प्रिंग घातली, पण बेल्ट मुद्दाम जुनाच ठेवला: ९४० फेरे, ७६ किमी. मुलाच्या मोबाइलमध्ये ७५.

मग नवा बेल्ट: १,०२० फेरे, साडेब्याऐंशी. मोबाइलमध्ये, गाडी नवी असताना, ८१.

तिन्ही आकडे जुळले तेव्हा मुलगा गप्प झाला आणि मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे किटने माझे तीनच खाल्ले. सहा आधीच बेल्टने खाल्ले होते." अगदी बरोबर. प्रकरणाचं निदान त्याने स्वतःच केलं.

टॅकोमीटर नसेल त्याच्यासाठी मार्करची जुनी युक्ती आहे, ती घरीही करता येते. पुढच्या पुलीच्या तबकडीवर मध्यापासून कडेपर्यंत काळ्या मार्करच्या तीन-चार रेघा ओढायच्या, कव्हर लावायचं, गाडी नेहमीसारखी चालवून आणायची आणि परत खोलायचं. बेल्ट जिथवर चढला तिथवर रेघ पुसली जाते. किटवर असताना कडेची ५ मिलीमीटर रेघ शाबूत होती. तेवढी पुली त्याने विकत घेतली होती आणि वापरतच नव्हता. नव्या बेल्टनंतर कडेला जेमतेम एक मिलीमीटर काळं उरलं.

कडक स्प्रिंगबद्दल इथेच सांगतो. तिचा उपयोग आहे, पण तो इंजिनची ताकद वाढवलेली असताना, बेल्ट घसरू नये म्हणून. मूळ इंजिनवर ती घातली की बेल्टवर फुकटचा दाब येतो, तो तापतो, ताकद उष्णतेत जाते आणि ॲव्हरेज पडतं. या गाडीचं ॲव्हरेज कुठे गेलं त्याचं उत्तर कव्हरच्या तळाशी काळ्या भुकटीत होतं.

"पण मला शंभरच हवेत"

गाडी पूर्ववत झाली, तरी त्याचं मन भरलं नाही. वय तसं आहे आणि प्रश्न रास्त होता: शेवटचा गिअर पुलीची रचना ठरवते ना, मग रचनाच बदलू. बुश लेथवर घासून अर्धा मिलीमीटर आखूड केला की तबकड्या अजून जवळ येतील. नाहीतर मागच्या हबमधले दातेच लांब पल्ल्याचे टाकू.

भंगारातला एक बुश पावण्याच्या लेथवाल्याकडून अर्धा मिलीमीटर घासून आणला आणि स्टँडवर लावून पाहिला. चाकाचे फेरे १,०६५ झाले. कागदावर ८६ किमी. मुलाचे डोळे चमकले. मग त्याला कव्हर न लावता पुली दाखवली. बेल्टची वरची कड पुलीच्या काठाबाहेर डोकावत होती. बेल्टची पूर्ण बाजू तबकडीला टेकायला हवी, कड बाहेर राहिली की तिथून तो सोलायला लागतो. दुसरं, तबकड्या सुरुवातीलाही जवळ आल्यामुळे पहिला गिअर लांब झाला होता. म्हणजे कळवा नाक्याच्या गर्दीत, मुंगीच्या पावलांनी जाताना, मागच्या पुलीसोबतच्या क्लचचे शू जास्त वेळ घसरत राहणार, ते ज्या वाटीला आतून टेकतात ती तापून निळी पडणार आणि निघताना थरथर येणार.

पण सर्वांत मोठी अडचण या दोन्ही नाहीत. कागदावरचे ८६ रस्त्यावर येणारच नाहीत. मूळ गिअरवर ही गाडी ८१ ला असते तेव्हा इंजिन ७,४०० च्या जवळ फिरत असतं, म्हणजे सर्वाधिक ताकदीच्या अगदी शेजारी. बनवणाऱ्यांनी तो गिअर उगाच निवडलेला नाही. त्याहून लांब गिअर दिला तर त्याच ८१ ला इंजिन सात हजारांवर उतरतं, तिथे ताकद थोडी कमीच असते. मग जास्तीचा वेग येणार कुठून? सपाटीला तेवढाच राहील. वाशीच्या खाडीपुलावर समोरून वारा आला की मूळपेक्षा कमी होईल. लांब दात्यांचंही हेच, वर हब खोलण्याचा खर्च आणि पारसिकच्या चढावर रडगाणं.

वेग वाढवायचा तर हवा कापायची, आणि हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० चे १०० करायचे म्हणजे वेग सव्वापट, पण सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा, जवळजवळ दोन. टायरचा विरोध एवढा चढत नाही, तो धरूनही मागच्या चाकावर पावणेदोनपटीच्या वरच ताकद लागते. आठ अश्वशक्तीच्या जागी पंधरा. बेल्ट, रोलर, स्प्रिंग, बुश यांतलं काहीही ताकद निर्माण करत नाही. असलेली ताकद चाकापर्यंत पोचवणं एवढंच त्यांचं काम. पंधरा अश्वशक्तीच्या आसपासच्या १५५ सीसी स्कूटर बाजारात मिळतात. त्यांची चौकट, चाकं, डिस्क ब्रेक, सगळं त्या वेगासाठी बनवलेलं असतं.

या गाडीला पुढे-मागे १३० मिलीमीटरचे ड्रम ब्रेक आणि मागे दहा इंची चाक. ८१ वरून शंभरावर गेलं की थांबताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा दीडपट होते. हे मी त्याच्या आईसमोर सांगितलं नाही, त्याला बाजूला घेऊन सांगितलं. दहा इंची चाक ऐरोलीच्या एखाद्या खड्ड्यात शंभरच्या वेगाने पडणं कसं असेल याची कल्पना करायला माझं मन धजत नाही. आमच्या गॅरेजात अपघाताच्या गाड्या येतात आणि त्यांच्या हँडलवर कधीकधी मोबाइलचा स्टँड अजून तसाच असतो.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण ते मुलांना माहीत नसतं. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे दुचाकीची कमाल मर्यादा देशात कुठेही ८० आहे आणि पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर ६०. त्याचा रोजचा रस्ता सगळाच्या सगळा पालिका हद्दीतला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मनाई, जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही मनाई. मग शंभर चालवायचे कुठे? इंजिन बोअर करून मोठं करायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं: आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. १८२-अ कलमाखाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट दाखवायला आयतं कारण मिळतं.

शेवटी काय बसवलं

मी त्याला वेगळाच प्रश्न विचारला: रोज चिडचिड नक्की कुठे होते? उत्तर आलं ते शंभरचं नव्हतं. घणसोलीच्या उड्डाणपुलावर चढताना गाडी मरते आणि मागून ट्रक हॉर्न मारतात. शिळफाट्याकडे आई मागे असताना चढावर चाळीसही धड राहत नाहीत. हा प्रश्न खरा होता, आणि तो बेल्टच्या कव्हरच्या आतच सुटणारा होता.

मूळ वजनाचे तीन रोलर आणि किटमधले हलके तीन, एकाआड एक बसवले. एकाआड एक हे महत्त्वाचं, नाहीतर तोल जातो. सरासरी वजन सात-आठ टक्क्यांनी उतरलं, म्हणजे चढावर इंजिन साधारण चार टक्के वरच्या फेऱ्यांत राहणार. स्प्रिंग मूळचीच. व्हेरिएटरही मूळचाच, त्याच्या खाचा चांगल्या होत्या. नवा बेल्ट कंपनीचा, बाणाची दिशा पाहून. रॅम्प प्लेटच्या कडेचे स्लायडर तिन्ही नवे, कारण जुने खिळखिळे होते. पाती तुटलेली बाहेरची तबकडी बदलली. गंज काढलेला बुश मोजणीपुरता चालला, रोजच्यासाठी मात्र नवाच घातला. क्लचच्या शूंवर चमक आली होती, ती पॉलिश पेपरने घालवली आणि वाटी आतून पुसून घेतली. कव्हरला नवी गास्केट, हवेच्या मार्गात नवा स्पंज. नट टॉर्क पान्याने, बेल्ट मागे खोल दाबून, आणि थोडं चालवून आणल्यावर पुन्हा तपासला.

स्टँडवर चाकाचे फेरे १,०१५ आले. मूळ रोलरवर १,०२० होते, तो फरक धरायचा नाही. मार्करची रेघ तितकीच पुसली गेली. म्हणजे रोलर थोडे हलके करूनही बेल्ट शेवटपर्यंत पोचत होता आणि टॉप जागेवर राहिला होता. खर्च किटपेक्षा कमी झाला, मजुरीसकट.

पारसिकच्या चढाला मीच त्याच्या मागे बसून गेलो. वजन त्याच्या आईपेक्षा जास्तच. जिथे पूर्वी काटा चाळीसखाली जायचा तिथे गाडी पंचेचाळीसवर टिकली आणि इंजिनचा आवाज कुठेही ओरडण्यापर्यंत गेला नाही. घणसोलीच्या पुलावर साठ धरून राहते, असं त्याने नंतर फोन करून सांगितलं. ॲव्हरेज ४३-४४ वर आलं. पूर्ण ४५ येणार नाही हे आधीच सांगितलं होतं, तीन हलक्या रोलरची तेवढी किंमत आहे.

किटमधला व्हेरिएटर आणि कडक स्प्रिंग पिशवीत घालून परत दिली. आधी रीतसर मोठ्या केलेल्या, मैदानावरच्या स्पर्धेच्या गाडीत ती स्प्रिंग कोणाच्या तरी उपयोगी पडेल. रस्त्यावरच्या मूळ इंजिनाच्या गाडीत पुन्हा घालू नको म्हणून बजावलं.

पुढची तपासणी किलोमीटरवर नाही, पावसावर ठेवली. विटाव्याच्या पुलाखाली चाकाच्या निम्म्यापर्यंत पाणी असेल तर गाडी ढकलत न्यायची नाही आणि चालवायचीही नाही, वळसा घालायचा. चुकून पाणी गेलंच आणि गाडी जागेवर रेस होऊन पुढे सरकेना, तर बेल्ट ओला आहे. तेव्हा पिळत बसायचं नाही, कव्हर खोलून सुकवायचं. जुलैअखेर तो आला तेव्हा कव्हर खोललं. स्पंज चिखलाने भरला होता, आत मात्र कोरडं होतं आणि बुश मोकळा सरकत होता. स्पंज धुऊन परत लावला आणि बेल्टची रुंदी त्याच्या सर्व्हिस बुकात शेवटच्या पानावर तारखेसह लिहून दिली, म्हणजे पुढच्या वेळी गाडी हळू वाटली तर आधी त्या आकड्याशी ताडून पाहता येईल.